थंडावा कुठून आणायचा?

थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या सत्रातली बहुतेक गणितं ३०० केल्विन धरून सोडवली जातात. म्हणजे २७ अंश सेल्सिअस. उष्णता जिथे सोडून द्यायची त्या भोवतालाचं तापमान प्रश्नातच दिलेलं असतं, त्यामुळे त्याचा विचार करायची वेळच येत नाही. सगळं लक्ष बॉयलरच्या दाबाकडे आणि कार्यक्षमतेच्या टक्क्यांकडे. दुसरा नियम अनेकांना पाठ होतो पण पटत नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं. तो नियम भोवतालाबद्दलच बोलतो, आणि भोवताल आपण आयता घेतलेला असतो.

म्हणून विद्यार्थ्यांनी हा विषय शिकताना नकाशात रास तनुरा शोधावं. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर आखातात शिरलेली ही जमिनीची चिंचोळी पट्टी. १ मे १९३९ रोजी राजे अब्दुलअझीझ यांनी इथला व्हॉल्व्ह फिरवला आणि सौदी कच्च्या तेलाचं पहिलं टँकर जहाज भरलं. १९४५ पासून इथे रिफायनरी आहे. तिची क्षमता दिवसाला सुमारे ५.५ लाख बॅरल. इंधनाची इतकी रेलचेल जगात फार थोड्या ठिकाणी असेल. दुर्मिळ आहे तो थंडावा.

रिफायनरीत कच्चं तेल भट्टीतून ३५० अंशांच्या आसपास तापवून कॉलममध्ये सोडतात. नॅफ्था, केरोसीन, डिझेल आपापल्या उंचीवर वेगळे होतात. मग ते सगळं पुन्हा निववावं लागतं, कारण गरम डिझेल टाकीत भरता येत नाही. निघालेल्या डिझेलची उष्णता हीट एक्स्चेंजरमधून आत येणाऱ्या कच्च्या तेलाला देतात. जमेल तेवढी देतातच. पण ती उष्णता शंभर अंशांच्या खाली उतरली की तिला गिऱ्हाईक मिळणं अवघड होतं. पहिल्या नियमाच्या हिशेबात एक ज्यूलही हरवलेला नसतो आणि तरीही ती उष्णता जवळपास बिनकामाची झालेली असते. ती हवेत नाहीतर समुद्रात सोडायची. ऑगस्टमध्ये हवा ४५ अंशांपर्यंत जाते. आखात उथळ, सरासरी खोली साधारण ३५ मीटर. उन्हाळ्यात वरचं पाणीही ३२-३३ अंशांवर असतं.

सादी कार्नोने १८२४ साली हेच ओळखलं होतं. नुसती उष्णता असून इंजिन चालत नाही, ती घेणारं काहीतरी थंड लागतं. आता त्याचंच सूत्र वापरून पाहू. ५५० अंशांच्या वाफेवर चालणाऱ्या आदर्श इंजिनाचा भोवताल १५ अंशांचा असेल तर कार्यक्षमता ६५ टक्के. ४५ अंशांचा असेल तर ६१ टक्क्यांच्या थोडी वर. नुकसान आहे, पण सोसण्यासारखं. शीतकरणाचं गणित मात्र पार वेगळं निघतं. प्रोपेन वातावरणाच्या दाबाला उणे ४२ अंशांवर उकळतो. तो जहाजातून थंड द्रवरूपात न्यायचा तर त्याची उष्णता उणे ४२ वरून भोवतालापर्यंत चढवावी लागते. १५ अंशांच्या देशात ही चढण ५७ अंशांची, ४५ अंशांच्या हवेत ८७ अंशांची. आदर्श यंत्रालाही तेवढ्याच थंडाव्यासाठी दीडपट काम पडतं. उष्ण भोवताल इंजिनाला चिमटा काढतो, शीतयंत्राला पिळून काढतो. हा फरक वर्गात कुणी ठळकपणे मांडत नाही, याची मला खंत वाटते.

भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त एलपीजी आयात करतो, त्यातला मोठा वाटा आखातातून येतो. जहाजात जो वायू थंडीने द्रव राहतो, तो आपल्या सिलिंडरमध्ये दाबाने द्रव राहतो. लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या भट्टीला जोडलेला सिलिंडर नीट पाहा. गॅस भराभर ओढला जातो तसं आतल्या द्रवाच्या पातळीपर्यंत बाहेरून दव सुटतं, गॅसचा जोर मंदावतो आणि आचारी सिलिंडर कोमट पाण्याच्या टबात ठेवतो. उकळायला लागणारी सुप्त उष्णता तो द्रव पत्र्यातून बाहेरूनच घेत असतो. प्रणाली, सीमा आणि भोवताल या तिन्ही संज्ञा तिथे हाताला लागतात.

हाच हिशेब माणसाच्या शरीरालाही चुकत नाही. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. पाइपलाइनवर पाना फिरवणारा त्याच्या कितीतरी पट. हवा त्वचेहून गरम झाली की घामाच्या बाष्पीभवनाखेरीज वाट उरत नाही. रास तनुराजवळच्या धाहरान इथे ८ जुलै २००३ रोजी हवेचं तापमान ४२ आणि दवबिंदू ३५ अंश नोंदला गेला. स्टीम टेबल उघडा: ३५ अंशांना संपृक्त दाब ५.६ किलोपास्कल, ४२ ला ८.२. म्हणजे सापेक्ष आर्द्रता ६८-६९ टक्के. घामेजलेली त्वचाही साधारण ३५ अंशांचीच असते. त्वचेवरच्या आणि हवेतल्या बाष्पाचा दाब सारखा, म्हणून घाम नुसता निथळतो, वाळत नाही.

सौदी अरेबियात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्या उन्हात काम करायला बंदी आहे. उन्हापुरता हा नियम चांगलाच आहे. पण किनाऱ्यावर समुद्राकडून वारा आला की सूर्य कलल्यावरही हवेतलं बाष्प तसंच राहतं, आणि रियाधची कोरडी दुपार जे करत नाही ते इथली दमट संध्याकाळ करू शकते. अशा ठिकाणी कामाच्या वेळा घड्याळाबरोबरच ओल्या कापडाच्या थर्मामीटरवरूनही ठरायला हव्यात. तो थर्मामीटर आपल्या प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो. मुलं तो गरगर फिरवतात, दोन आकडे जर्नलमध्ये लिहितात आणि शिक्षकांची सही घेतात. त्या जर्नलमध्ये धाहरानचे हे दोन आकडेही सोडवायला द्यावेत, कारण त्या वर्गातली काही मुलं पुढे आखातात कामाला जाणार आहेत आणि त्यांच्या हाताखाली माणसं असणार आहेत.