स्लॅब टाकल्यानंतरचे दिवस

आपल्याकडे घर बांधणारा माणूस वास्तुशांतीच्या आधी एक सण साजरा करतो, तो स्लॅबचा. सकाळी नारळ फुटतो, मिक्सर घरघरू लागतो, घमेली हातोहात वर चढतात, दुपारी बिगारी आणि गवंड्यांना जेवण घातलं जातं. रात्री शेवटचं घमेलं रिकामं झालं की घरमालक सुटकेचा श्वास टाकतो. मोठं काम उरकलं, असं त्याला वाटतं. खरं तर मोठं काम तिथून पुढे सुरू होतं. आपल्या इमारती आणि पूल यांना जडलेली बरीचशी दुखणी या पुढच्या कामाकडे केलेल्या दुर्लक्षातून आलेली आहेत, असं माझं ठाम मत आहे.

काँक्रीट वाळून घट्ट होतं, हा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. काँक्रीट पाण्यामुळे घट्ट होतं. सिमेंटचे कण पाण्याशी संयोग पावतात आणि त्यातून तयार होणारं चिवट जाळं वाळू-खडीला घट्ट धरून ठेवतं. ही क्रिया पहिल्या आठवड्यात जोरात चालते, मग मंदावते, पण थांबत नाही. ताकद मोजायला अभियंते २८ दिवसांची मुदत धरतात, ती सोयीसाठी. पाण्याखालीसुद्धा काँक्रीट पक्कं होतं. रोमन लोकांनी ज्वालामुखीची राख आणि चुना वापरून समुद्रात बंदरं बांधली ती याच गुणावर.

पण हेच पाणी मालात जास्त झालं की घात करतं. डफ अब्रॅम्स या अमेरिकी संशोधकाने १९१८ साली दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. सिमेंटचं पोतं ५० किलोचं. हाताने प्रमाण धरून केलेल्या एम-२० प्रतीच्या काँक्रीटला एका पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, असं आपलं भारतीय मानक सांगतं, आणि वाळूतला ओलावाही त्यातच धरायचा असतो. साइटवर काय होतं? मिक्सरपाशी पाण्याचा पाइप सोडलेला असतो. कॉलम आणि बीम जिथे मिळतात तिथे सळयांची इतकी दाटी असते की घट्ट माल खाली उतरत नाही. व्हायब्रेटर एकच, तोही मध्येच बंद पडलेला. वरून हाक येते, ‘माल पातळ कर रे!’ आणि मिक्सरवाला पाइपाचा नळ आणखी सोडतो. माल सरसर वाहतो, काम भराभर उरकतं, वरचा पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. सिमेंटला न लागलेलं ते जादा पाणी पुढे उडून जातं आणि मागे केसाहून बारीक पोकळ्यांचं जाळं सोडतं. तीच गळतीची आणि गंजाची वाट. एका पोत्यामागे एक बादली जास्त गेली तरी ताकद झपाट्याने घसरते. त्या मजुराला मी दोष देत नाही. घमेल्याचं ओझं आणि उन्हाचा चटका त्याच्या वाट्याला, प्रमाणाचं गणित मात्र त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ओतताना पाणी मोजून आणि ओतल्यावर पाणी सढळ, एवढी एक गोष्ट आपण पाळली असती तरी खूप काही वाचलं असतं. आपण नेमकं उलट करतो. बाजारात आज बहुतांश राखमिश्रित सिमेंट मिळतं. त्याला किमान दहा दिवस ओलावा हवा, साध्या सिमेंटला सात. स्लॅबवर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून पाणी साठवता येतं, त्यामुळे स्लॅबचं बरं चालतं. कॉलमचं काय? उभ्या कॉलमवर पाणी टिकत नाही. त्याला गोणपाट गुंडाळून ते दिवसातून चार-पाचदा भिजवावं लागतं. एप्रिलच्या उन्हात गोणपाट तासाभरात कोरडं पडतं, आणि मराठवाड्यात तेव्हा प्यायलाच टँकर येत असतो. पाणी मारायचं काम पडतं साइटवर झोपडी टाकून राहणाऱ्या वॉचमनच्या घरच्यांवर. त्याची वेगळी मजुरी अंदाजपत्रकात सहसा धरलेली नसते. सगळी इमारत ज्या कॉलमांवर उभी, त्यांचं भवितव्य बिनपैशाच्या कामावर सोडलेलं असतं. ही मजुरी वेगळी लिहिली आणि वेगळी दिली, तर राज्यातली घरं जास्त टिकतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

काँक्रीटकडून सर्वांत आधी चोरली जाते ती पक्कं व्हायची सवड. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला काम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं मेली. तिथे दोष अनेक होते, पण मजल्यावर मजला चढवण्याची घाई त्यात ठळक होती.

आता लोखंडाबद्दल. काँक्रीट दाबाला भक्कम, ताणाला मात्र कच्चं. ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या जेमतेम एक दशांश. म्हणून सळया. निसर्गाने इथे एक मोठी कृपा केली आहे. उष्णतेने काँक्रीट आणि पोलाद जवळजवळ सारखंच प्रसरण पावतात, नाहीतर सळयांचं काँक्रीट, म्हणजे आरसीसी, शक्यच झालं नसतं. शिवाय काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर धरतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरत जातो, काँक्रीटचा अल्कधर्म कमी करतो; समुद्रकाठी खारं वारं तो थर आणखी वेगाने मोडतं. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या दुप्पट ते सहापट जागा मागतं, आणि आतून काँक्रीट फोडतं. छताला सळईच्या रेषेत तडा, त्यातून तांबूस डाग, मग खाली पडणारा पोपडा, हा क्रम मुंबईतल्या जुन्या इमारतींमध्ये राहणाऱ्यांना पाठ आहे.

याला अटकाव करते ती सळईबाहेरची काँक्रीटची जाडी, कव्हर. कोरड्या, आतल्या भागात २० मिलिमीटर. किनाऱ्यावर ४५ मिलिमीटर किंवा अधिक. ती मिळावी म्हणून सळईखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक ठेवायचे असतात. त्यांच्याऐवजी खडीचे तुकडे सरकवले जातात, माल टाकताना माणसं जाळीवर चालतात, तुकडे निसटतात आणि सळई थेट शटरिंग प्लेटला टेकते. प्लेट काढल्यावर वरून प्लास्टर होतं. पुढची वीस वर्षं कुणाला काही दिसत नाही.

पणजीत ते सोळा-सतरा वर्षांतच दिसलं. मांडवीवरचा नेहरू पूल १९७०च्या सुमारास उभा राहिला. मुक्तीनंतरच्या गोव्याला त्याचा केवढा अभिमान होता! ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. खाऱ्या हवेत त्याच्या आतल्या ताणलेल्या तारा गंजत गेल्या होत्या. नवा पूल होईपर्यंत लोकांना पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभं राहावं लागलं. रोममधल्या पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट एकोणीसशे वर्षं टिकला, त्याचं कौतुक सगळे सांगतात. त्याच्या पोटात गंजणारं लोखंडच नाही, हे मात्र सांगायचं राहून जातं. आपलं काँक्रीट त्या जातीचं नाही. त्याचं वय होतं, आणि त्याची देखभाल करावी लागते. कोयनेच्या धरणात ती झाली. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या त्या रबल काँक्रीटच्या भिंतीला वरच्या भागात तडे गेले, धरण टिकलं, अभियंत्यांनी तडे भरले, मागून आधार देऊन भिंत बळकट केली. हे काम फारसं कुणाच्या स्मरणात नाही. ते पाठ्यपुस्तकात यायला हवं.

स्लॅबच्या ओढीला कुणी निव्वळ हौस म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची, किल्लारी परिसरातलं कुणी विसरलेलं नाही. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचा मातीचा भार झोपलेल्या माणसांवर आला. सुमारे दहा हजार जीव गेले. त्यानंतर लातूर-उस्मानाबादकडच्या माणसाचा दगडावरचा विश्वास उडाला आणि त्याने काँक्रीट मागितलं, यात त्याचं काहीही चुकलं नाही. चूक आपल्या शिकलेल्यांची. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड आणि दारं-खिडक्यांच्या वर घरभर फिरवलेला काँक्रीटचा एक पट्टा एवढ्यानेही दगडी घर बरंच सुरक्षित होतं, हे शास्त्र उपलब्ध होतं. ते प्रत्येक गवंड्यापर्यंत पोचवायला हवं होतं. थोडं काँक्रीट, पण योग्य जागी, हे आपण शिकलोच नाही. त्याऐवजी ओढ्यांचे तळ आणि झाडांचे बुंधेसुद्धा आपण काँक्रीटने लिंपत सुटलो आहोत. पाणी जिरायची जागा बुजवणाऱ्या या कामाला विकास म्हणणं मला मान्य नाही.

शिवाय त्याची किंमत आकाशालाही मोजावी लागते. चंद्रपूरच्या खाणींतला चुनखडक भट्टीत सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापतो तेव्हा दगडात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. इंधनाचा धूर निराळाच. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के सिमेंटचं आहे. राखमिश्रित सिमेंटने हा भार थोडा हलका होतो. पण शंभर वर्षं टिकू शकणारी इमारत तिसाव्या वर्षी पाडून पुन्हा उभी करणं, याहून मोठी उधळपट्टी नाही.

मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. अनेक सोसायट्या ती टाळतात आणि पैसे बाहेरच्या रंगावर घालतात. वाचकहो, तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत रंगाच्या आधी या तपासणीचा विषय ठेवा. छतावरचा तांबूस डाग प्लास्टरने झाकू देऊ नका. तडा आधी उघडून सळई पाहायला लावा, मग दुरुस्तीचं बोला.