मोत्याचे आम्ही कोण होतो?

संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर आम्ही वयस्कर मंडळी बसतो. परवा शेजारची मुलगी आपल्या कुत्रीला "बोई ले-इमा" म्हणून बोलावत होती. म्हणजे, ये आईकडे! आम्ही सगळे हसलो. एकीने तर विचारले, "मग बाप कोण गं हिचा?" पण घरी आल्यावर आमचे हसू मावळले. का, ते पुढे सांगतो.

हल्ली इथे कुत्रा घरी आणला की 'दत्तक घेतला' म्हणतात. हिब्रूत मूल दत्तक घेण्याला जो शब्द, तोच. अमेरिकेत बोल्डर शहराने २००० साली आपल्या नियमांत 'मालक' काढून 'पालक' अशा अर्थाचा शब्द घातला. मालक म्हणवून घ्यायला लोकांना आता संकोच वाटतो. आपल्या आज्या तर नवऱ्यालाही 'धनी' म्हणत! हिब्रूतही नवरा तो 'बआल' आणि मालकाचा शब्दही त्यातलाच. गंमत अशी, की जनावराला हिब्रूत म्हणतात 'बआल हायीम', जिवाचा धनी. घराचे धनी आम्ही, पण त्याच्या जिवाचा धनी तोच.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गोष्ट वाचकांना ठाऊक आहेच. गरिबाची ती एकुलती एक कोकरी त्याच्याच घासातले खाई, त्याच्या कुशीत निजे, त्याला लेकीसारखी होती. पण ती त्याने विकत घेतलेली होती, हेही नाथान सांगतो. विकत घेतलेली आणि लेकीसारखी, दोन्ही एकदम. 'सारखी' हा शब्द तेवढा विसरू नये.

कोकणात आपले पूर्वज शनिवार तेली. घाण्याच्या बैलाला कोणी बाळ म्हटले नसेल, पण शनिवारी त्याच्या मानेवर जू नसे. जनावराचा विसावा तोरेच्या आज्ञेतच आहे. तल्मूद म्हणतो, जनावराला घातल्याशिवाय आपण जेवू नये. मराठीत आपण कुत्रा पाळतो, शब्बाथ पाळतो आणि दिलेला शब्दही पाळतो. आम्हाला हा शब्द आई-बाबांपेक्षा भारी वाटतो. तो जनावराचे नाते सांगत नाही, आपले काम सांगतो.

आता आमची गोष्ट. १९७१ साली आम्ही इस्रायलला यायला निघालो. घर विकले, तांब्या-पितळेची भांडी नातेवाइकांना दिली, पाटा-वरवंटा कोपऱ्यावरच्या मावशींना दिला. आणि मोत्या शेजाऱ्यांना दिला. नऊ वर्षे आमच्या दाराशी निजलेला कुत्रा त्या यादीत पाट्याच्या शेजारी बसला. तीन महिन्यांनी पत्र आले: मोत्या जेवतो आमच्याकडे, पण रात्री तुमच्याच बंद दारापुढे जाऊन पडतो.

त्याला बरोबर आणणे आम्हाला जमण्यासारखे नव्हते. पैसे नव्हते, आणि पुढे कुठे राहणार तेही माहीत नव्हते. आम्ही त्याचे आई-बाबा म्हणवून घेत असतो तरी तिकिटे तेवढीच निघाली असती. त्याबद्दल आम्ही स्वतःला दोष देत नाही. खुपतो तो शब्द. कोणी विचारले की बाबा पुढे कितीतरी वर्षे सांगत, "कुत्रा होता, तो शेजाऱ्यांना दिला." आजी मात्र दर वेळी मध्येच बोले, "दिला नाही रे. सोडला."

बाबा गप्प बसत. आम्हीही.