काटकसरीची मर्यादा

काटकसर हा मध्यम स्थितीतील कुटुंबांचा जणू कुलधर्मच होय. परंतु आपला खर्च वाचविणे निराळे आणि तो दुसऱ्याच्या माथी मारणे निराळे. हा भेद बोलण्यास सोपा, आचरण्यास कठीण. आम्हांस तो एका जुन्या मोटारीच्या क्लचने शिकविला.

१९९८ साली गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची, दोघांपुरती, उघड्या टपाची चिमुकली गाडी निघाली. इंजिन रेनोचे, सुमारे ११५० सीसीचे. अशा गाड्या थोड्याच झाल्या आणि पुढे त्यांचे उत्पादनही थांबले. त्यांतली एक आम्ही भाईंदरास हौसेने आणली. ज्या गावाचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर उजाडतो, तेथे ही हौसच म्हणावयाची!

एके दिवशी काशिमिऱ्याहून ठाण्यास जाताना, गायमुखाच्या बाजूच्या चढावर, इंजिनाचा आवाज वाढू लागला. वेग मात्र वाढेना. पाठोपाठ जळका वास आला. क्लच घसरत होता. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर क्लच प्लेट दाबून धरलेली असते. त्या घर्षणानेच इंजिनाची शक्ती चाकांस पोहोचते. पेडल अर्धवट दाबून ठेवले की प्लेट घासते व झिजते. घोडबंदर रस्त्यावरील वाहनांच्या रांगेत ‘हाफ क्लच’वर पाय ठेवून आम्ही हेच वर्षानुवर्षे करीत आलो होतो. तेव्हा दोष गाडीपेक्षा आमच्या पायाचाच अधिक होता, हे कबूल केले पाहिजे.

मेकॅनिकने प्रथम पेडलाची मोकळी चाल तपासून दिली. अल्प खर्चाचा उपाय आधी करून पाहावा, ही खरी काटकसर. त्याने गुण येईना, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. मग प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच पाहू. नुसती प्लेट बदलली आणि बेअरिंग गेले, तर मजुरी पुन्हा द्यावी लागेल.” नवी प्लेट न मिळाल्यास जुनीवरच नवे लायनिंग रिव्हेटांनी बसविता येईल, असेही त्याने सांगितले. तरीही एकूण आकडा आमच्या महिन्याच्या हिशेबात बसेना.

तेव्हा एका हितचिंतकाने सुचविले, “विकून टाका. गिऱ्हाइकास सकाळी, गाडी थंड असताना, सपाट रस्त्यावर फिरवून आणा. जुनी गाडी घेणाऱ्याने पाहून घ्यावे!” योगायोगाने एक तरुण रविवारी गाडी पाहण्यास येणारच होता. हा सल्ला आम्हांस तत्काळ त्याज्य वाटला, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. शनिवारची रात्र आम्ही त्याच विचारात काढली.

त्या सल्ल्यात तथ्य मुळीच नव्हते असेही नाही. जुन्या वस्तूत खोड असणार, हे घेणारा जाणतो आणि त्या मानाने किंमतही कमीच देतो. परंतु ती सूट अज्ञात दोषांसाठी असते. आम्हांस ठाऊक असलेल्या दोषासाठी नव्हे. गाडी जुनी आहे हे त्यास ठाऊक होते. ती चढावर दम टाकते, हे केवळ आम्हांस. ते झाकून घेतलेले पैसे गाडीचे नव्हेत, त्याच्या अज्ञानाचे झाले असते. शिवाय मागे भरलेला ट्रक असताना चढावर गाडीचा जोर सुटला, तर त्या काटकसरीची किंमत कोणी मोजावी?

रविवारी आम्ही त्यास सर्व सांगितले. त्याने आभार मानले आणि तो गेला. पुन्हा आला नाही. सत्य सांगितल्याचा लाभ लगेच पदरात पडतो, अशी आशा वाचकांनी बाळगू नये.

गाडी तीन महिने इमारतीखाली उभी राहिली. आम्ही लोकलने हिंडलो, थोडथोडे साठविले आणि काम एकदाच, पुरते करून घेतले. ती हौस आमची होती आणि तिची झीजही आमचीच. खर्च पुढे ढकलण्यास, कमी करण्यास हरकत नाही. तो दुसऱ्याच्या नावावर चढवू लागलो, की काटकसरीची मर्यादा संपली.