मागच्या खुर्चीवर

पवईच्या आयआयटीतल्या एका मुलानं पायथनमध्ये एक लायब्ररी लिहिली. त्रिमितीय आकार पडद्यावर काढायचे, फिरवायचे, कापून आत पाहायचं, एवढंच तिचं काम. ‘मायावी’ हे असंच मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे प्रभु रामचंद्रन याच आवारात एरोस्पेस शिकवतात, त्यामुळे मुलाची स्वप्नंही त्याच मापाची. त्यानं लायब्ररी सगळ्यांसाठी खुली केली. चांगली आणि फुकट, तरी कुणी वापरेना.

“शिकायचं कशावरून?” त्याला शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं.

“प्रत्येक फंक्शनची माहिती दिलीय की.”

“ती शब्दकोशात असते तशी माहिती झाली. शब्दकोश वाचून कुणी भाषा शिकतं का?”

मग त्यानं एका रात्रीत ट्युटोरियल लिहून काढलं. जागोजागी ‘फक्त’, ‘सहज’, ‘अर्थातच’. (सूचनांमध्ये ‘फक्त’ दिसलं की वाचणाऱ्यानं सावध व्हावं. अवघड काम बहुधा त्याच्याच मागे उभं असतं.)

आयआयटीत कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प आहे. तिथे साधारण दहा मिनिटांचा धडा रेकॉर्ड करण्याआधी त्याची संहिता विषयात अगदी नवख्या असलेल्या माणसाकडून तपासून घेतात. शिकणारा पडद्याच्या एका बाजूला धडा लावतो आणि दुसऱ्या बाजूला स्वतः करून बघतो. शेजारी शिक्षक असेल असं धरायचंच नाही. मॅडमनी तीच रीत उचलली आणि वर स्वतःची एक अट घातली: लिहिणाऱ्यानं मागच्या खुर्चीवर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

नवखी म्हणून परभणीहून इंटर्नशिपला आलेली एक मुलगी बसली. पहिल्याच ओळीवर तिचं अडलं. “हे कुठं लिहायचं?”

मुलाच्या ओठांवर ‘टर्मिनलमध्ये’ आलं होतं. मॅडमनी नुसतं पाहिलं. त्यानं वहीत नोंद केली.

मुलगी चाचपडत, दोनदा मागं जात तिसऱ्या पायरीवर पोचली. तिथे ठोकळा ९० अंशांत फिरवायचा होता. तिनं ९० लिहिलं. ठोकळा भलत्याच कोनात तिरका झाला. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तसंच. सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली, तरी तेच.

“माझंच काहीतरी चुकतंय,” ती पुटपुटली. “मला गणित नीट येत नाही, दादा.”

तिचं काही चुकलं नव्हतं. फंक्शन कोन अंशांत नव्हे, रेडियन या एककात घेत होतं. ९० रेडियन म्हणजे १४ पूर्ण फेऱ्या आणि वर सुमारे ११७ अंश. ठोकळा नेमका तिथेच जाऊन थांबला होता. मुलाला हे पाठ होतं, म्हणूनच ते त्यानं लिहिलं नव्हतं. एरवी ही मुलगी घरी एकटीच बसून हे करत असती, तर तिनं संगणक बंद केला असता आणि दोष स्वतःच्या डोक्याला दिला असता. मुलाला तिची तक्रार कधी कळलीही नसती, कारण अशी माणसं तक्रार करत नाहीत.

रात्री तो रेडियन समजावून सांगायला बसला. ११ ओळी झाल्या, तरी समाधान होईना. शेवटी त्यानं ट्युटोरियल बाजूला ठेवून कोडच उघडला. जुनं फंक्शन बदललं असतं, तर आधीच लिहिलेले प्रोग्रॅम मोडले असते. म्हणून ते तसंच ठेवून त्यानं अंशांत कोन घेणारं वेगळं फंक्शन जोडलं आणि त्याच्या नावातच ‘अंश’ घातलं. त्या ११ ओळींची आता गरजच उरली नाही. त्यानं त्या खोडल्या.

दुसऱ्या दिवशी योगदान देणाऱ्यांच्या यादीत मुलीचं नाव होतं.

“पण दादा, मी तर एक ओळही लिहिली नाही.”

“११ खोडायला लावल्यास.”

ती हसली आणि पुढं वाचू लागली. थोड्या वेळानं तिचं बोट पडद्यावर थांबलं.

“पाचव्या पायरीत चित्र सेव्ह करा म्हटलंय. ते कुठं जाऊन पडतं, ते तुम्ही लिहायचं राहिलंय.”