सातबाऱ्याचा अर्थ कोण ठरवतं?

जळगाव-धुळ्याकडच्या शेतकऱ्याला ७/१२ समजावून सांगावा लागत नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा: जमीन कोणाची, तिच्यात पीक कोणतं. हेच ७/१२ एक्सेलच्या रकान्यात टाइप केलं की ‘०७-डिसें’ होतं. संगणक अमेरिकी पद्धतीवर लावलेला असेल तर बारा जुलै. फाइलच्या पोटात तर तारीखही नसते, नुसता आकडा असतो. २०२४ सालचा सात डिसेंबर म्हणजे ४५६३३.

गंमत इथवरच. पण १२/३ हा गट-हिश्श्याचा क्रमांक डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून सुखरूप असतो, सीएसव्ही करून एक्सेलमध्ये उघडला की मार्च महिन्यात जातो, आणि तसाच जतन होऊन परत डेटाबेसमध्ये आला तर शेत सापडत नाही.

मग अर्थ होता कुठे?

हा वाद जुन्या भारतीय दर्शनांतही आहे. मीमांसा दर्शनाचे मीमांसक म्हणतात, शब्द आणि अर्थाचं नातं नित्य आहे, ते कोणी जोडलेलं नाही. न्याय दर्शनाच्या नैयायिकांना हे मान्य नाही. नातं संकेताचं आणि संकेत ईश्वरेच्छेचा, असं प्राचीन नैयायिकांचं मत. नव्य नैयायिकांनी माणसाच्या इच्छेलाही जागा दिली. एक्सेलपुढे मीमांसकांची बाजू लंगडी पडते. प्राचीन नैयायिकांचीही पंचाईतच, कारण ईश्वराच्या आसनावर इथे मायक्रोसॉफ्ट ही कंपनी बसली आहे.

संकेत आपल्या मुठीत ठेवणं नवं नाही. महानुभाव पंथाच्या लोकांनी आपले ग्रंथ शतकानुशतकं सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. त्यामुळे मराठीतलं फार जुनं गद्य पंथाबाहेरच्यांना बंद राहिलं. त्या लिपीचा उलगडा केला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. गुप्तता बरी की वाईट, यावर वाद घालता येईल. पण महानुभावांच्या बाबतीत ग्रंथ ज्यांचे, किल्लीही त्यांचीच होती. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलींत मजकूर तलाठ्याचा आणि किल्ली परक्याची. ओपनऑफिस या मुक्त प्रोग्रॅमच्या कर्त्यांनी त्या फाइली उसवून रचना शोधली, हे काम राजवाड्यांच्याच वळणाचं. मायक्रोसॉफ्टनं पूर्ण तपशील सर्वांना खुला केला तो २००८ मध्ये.

किल्ली मिळाली म्हणून संकेत बदलत नाही. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमनं १९०० हे लीप वर्ष धरलं होतं. त्याच्या फाइलींशी मेळ राहावा म्हणून एक्सेलनं ती चूक जाणूनबुजून उचलली. कधीच न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० एक्सेलमध्ये अजूनही आहे. याला रूढी नाही तर काय म्हणायचं?

जीवशास्त्रज्ञांनी तर शरणागतीच पत्करली. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा जनुकांच्या नावांच्या एक्सेलमध्ये तारखा होत. म्हणून जनुकांचं नामकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं ती नावंच बदलली. २०२० पासून सेप्ट१ हे जनुक ‘सेप्टिन१’ आहे.