"मला गुण आला" एवढे पुरेसे आहे काय?



घरात आजारपण आले की नातलग, शेजारी मदतीला धावतात. कोणी औषध सुचवतो आणि म्हणतो, "मला स्वतःला याने गुण आला." तो खोटे बोलत नसतो. मग त्याच्याकडे पुरावा मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे होय काय?

2021 चे एप्रिल-मे महिने आठवून पाहू या. कोरोनाच्या रुग्णासाठी प्लाझ्मा मिळावा म्हणून पुण्यात माणसे रात्रंदिवस फोन करीत होती. बरे झालेले लोक रक्तपेढीत जाऊन प्लाझ्मा देत होते. त्यांचे ते देणे खऱ्या प्रेमाचे होते.

परंतु प्लाझ्माची परीक्षा आपल्याच देशात आधी झाली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 39 रुग्णालयांतील 464 रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. ऑक्टोबर 2020 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. प्लाझ्मा मिळालेल्या 235 पैकी 44 जणांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले. न मिळालेल्या 229 पैकी 41 जणांचे तसेच झाले. म्हणजे फरक पडला नाही. पहिल्या गटातील उरलेले 191 जण "प्लाझ्माने वाचलो" असे मनापासून सांगू शकले असते. पण प्लाझ्माविना वाचलेले 188 जणही होतेच!

एका चाचणीवरही विसंबू नये. म्हणून काही अभ्यासक एका उपचाराच्या जगभरातील सर्व चाचण्या गोळा करतात, फसलेल्यासुद्धा. प्रत्येक चाचणी किती चोख होती हे तपासतात आणि मगच निष्कर्ष काढतात. 1993 साली सुरू झालेली कॉक्रेन ही संस्था हेच काम करते. मे 2021 मध्ये तिच्या आढाव्यातही प्लाझ्माने मृत्यू टळत नाहीत असेच दिसले. 17 मे 2021 रोजी आपल्याकडील उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा वगळण्यात आला. उलट डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध ऑक्सिजनवरील रुग्णांचे मृत्यू कमी करते, हे जून 2020 मध्ये अशाच चाचणीतून कळले होते.

संकटात मिळेल त्या आधाराकडे धावणाऱ्या कुटुंबाला आपण दोष देऊ नये. मात्र श्रद्धा परमेश्वरावर ठेवायची असते, इंजेक्शनवर नव्हे. औषध माणसाने केलेले असते; ते पारखलेच पाहिजे. आपली ख्रिस्तसभासुद्धा पारखूनच घेते. लूर्द येथे 1883 पासून वैद्यकीय कार्यालय आहे. तेथे बरे झाल्याच्या सुमारे 7000 घटनांची नोंद झाली. चमत्कार म्हणून मान्य झाल्या त्या सत्तरहून थोड्याच अधिक.

तेव्हा आजाऱ्याला काही सुचवण्यापूर्वी आपण स्वतःला विचारू या : ज्यांना गुण आला नाही, त्यांचे कोणी ऐकले आहे काय? महागडा उपचार असेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारू या : याची परीक्षा झाली आहे काय? न घेतल्यास काय होईल? दागिने मोडून, कर्ज काढून विकत घेतलेली खोटी आशा ही दया नव्हे.

आजाऱ्याच्या उशाशी बसणे, त्याच्या घरी डबा पोहोचवणे, त्याच्यासाठी प्रार्थना करणे, यांसाठी मात्र कोणत्याही चाचणीची वाट पाहायला नको. ते आपण आजच करू शकतो.