दुसऱ्यांच्या सणाला जाताना

मे महिन्याच्या सुट्टीत बस काढून वेलंकनीला नाहीतर जुन्या गोव्याला जायचे, ही आपल्या धर्मग्रामांतली जुनी रीत. बस सुटताच रोझरी, मग गाणी, आणि परतताना पिशव्यांत मेणबत्त्या, जपमाळा आणि काजू. ही रीत अजून सुटलेली नाही. पण अलीकडे तिच्या जोडीला दुसरी एक रीत आली आहे. आपली तरुण मुले स्वतःची गाडी किंवा मोटरसायकल काढून स्पितीला जातात, मेघालयात जातात, डिसेंबरात नागालँडचा सण पाहून येतात. १५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरच्या भाषणात पंतप्रधानांनीही, २०२२ पर्यंत प्रत्येकाने देशातली किमान १५ पर्यटनस्थळे पाहावीत, असे आवाहन केले होते. मध्ये कोविडची दोन वर्षे गेली, पण नंतर लोक दुप्पट हौसेने बाहेर पडले. मला हे मनापासून आवडते. ज्याने आपला देश पाहिलेला नाही त्याने देशाविषयी फार मोठ्याने बोलू नये, असे माझे मत आहे.

पण 'आपला देश पाहू या' असे म्हणताना त्यातल्या 'आपला' या शब्दावर क्षणभर थांबावेसे वाटते. आपला म्हणजे कसा? माझी वाडी माझी आहे, तसा? की माझी मावशी माझी आहे, तसा? वाडीत मी केव्हाही जातो, शहाळे काढतो, बसतो, उठतो. मावशीच्या घरी मात्र दारातून हाक मारतो. ती माझीच आहे, तरी तिच्या कपाटाला हात लावत नाही, आणि घरात आजारी माणूस असेल तर तिने न सांगताही लवकर निघतो.

हा फरक आपल्याला कोणी शिकवायला नको, कारण आपण दुसऱ्या बाजूलाही उभे असतो. वसईचा किल्ला पाहायला लोक लांबून येतात. १७३९ साली मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला, एवढा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. पण आतली पडकी देवळे एके काळी उपासनेची होती, आणि त्यांतल्या काहींच्या जमिनीत अक्षरे कोरलेले जे लांबट दगड दिसतात ते कबरींचे आहेत, हे किती जणांना ठाऊक असते? लग्नाआधीचे फोटो काढण्यासाठी जोडपी येतात, त्या दगडांवर झग्याचा घोळ पसरतात, फोटोवाला कबरीवर चढून कोन शोधतो. ही वाईट माणसे नसतात. पायाखाली कोणी निजले आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, आणि त्यांनी विचारलेले नसते. तसेच रविवारी राजोडी-भुईगावच्या किनाऱ्याकडे निघालेल्या गाड्यांचे. मिस्साहून परतणारी, लाल लुगडे नेसलेली एखादी आजी दिसली की गाडीची काच खाली होते आणि मोबाईल बाहेर येतो. "आजी, फोटो काढू का?" असे विचारले असते तर ती लाजून, पदर सावरून उभीही राहिली असती. कदाचित घरी नेऊन पाणी दिले असते. न विचारता काढलेल्या फोटोत तिचे लुगडे येते, ती येत नाही.

हे सोसणारे आपण घराबाहेर पडलो की कसे वागतो, ते पाहण्यासाठी अंदमानच्या एका रस्त्याचे उदाहरण घेऊ. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले आहे) बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. जारवा आता काही शेच उरले आहेत. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या जमवून ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात. वाटेत थांबायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, काही द्यायचे नाही, असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली जंगलातला हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी गाड्या जात राहिल्या. जानेवारी २०१२ मध्ये एक चित्रफीत जगभर पाहिली गेली. तिच्यात जारवा मुलींना खाऊच्या बदल्यात नाचायला सांगणारा आवाज ऐकू येतो.

त्या गाड्यांत बसलेले लोक कोण होते? तुमच्या-माझ्यासारखेच. नोकरी करणारे, मुलांना सुट्टीत काहीतरी वेगळे दाखवावे म्हणून पैसे साठवून निघालेले. खिडकीतून बिस्किटाचा पुडा टाकणाऱ्याला आपण दयाळू आहोत असेही वाटले असेल. मला तर त्या पुड्याचीच जास्त भीती वाटते. समोरच्याला माणूस न समजता त्याच्यावर दया करता येते, आणि ती करून आपण हलक्या मनाने पुढच्या गुहा पाहायला जाऊ शकतो.

त्याच बेटांमधल्या उत्तर सेंटिनेलवर नोव्हेंबर २०१८ मध्ये एक अमेरिकन तरुण सुवार्ता सांगायला म्हणून गेला. त्या बेटाजवळ जायला कायद्याने बंदी आहे. तेथील लोकांनी त्याला मारले. आपल्यापैकी काहींनी तेव्हा त्याला हुतात्मा म्हटले. त्याच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचा मला अधिकार नाही. पण प्रभूने शिष्यांना गावोगाव पाठवताना, जे गाव तुम्हांला घेत नाही तेथून पायांची धूळ झटकून निघा, असेच सांगितले होते. दार फोडायला सांगितले नव्हते. आपल्या माणसांच्या जिवावर उठणारे आजार बाहेरून येतात हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने कळले असेल, त्यांचा बाण हेही एक उत्तर असू शकते. उत्तर मिळाल्यावर पुन्हा पुन्हा विचारत राहणे मला बरे वाटत नाही.

"आपल्याच देशात परवाना कशाला?" ही तक्रार ईशान्येकडे जाऊन आलेले बरेच जण करतात. अरुणाचल, नागालँड आणि मिझोराम या राज्यांत, आणि २०१९ च्या अखेरीपासून मणिपुरातही, बाहेरच्या भारतीयांना 'इनर लाइन परमिट' घ्यावे लागते. या पद्धतीचे मूळ १८७३ च्या इंग्रजी कायद्यात आहे. चहामळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी डोंगरात घुसून भानगडी करू नयेत, एवढाच साहेबाचा हिशेबी हेतू होता. साहेब गेला, पण ही रेषा आज तेथील लोकच धरून आहेत. बाहेरच्या मोठ्या संख्येखाली आपली जमीन आणि भाषा दबून जाईल, ही भीती त्यांना आहे. वसईत पन्नास वर्षांपूर्वीच्या वाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत आणि आज त्याच जागी उभ्या असलेल्या इमारती जे पाहतात, त्यांना ही भीती परकी वाटू नये. आपल्या घटनेच्या १९व्या कलमाने नागरिकांना देशभर फिरण्याचे स्वातंत्र्य दिले, आणि त्याच कलमात अनुसूचित जमातींच्या हितासाठी त्यावर वाजवी बंधने घालण्याची मुभाही ठेवली. घटना लिहिणाऱ्यांना 'आपला' या शब्दाचे दोन्ही अर्थ ठाऊक असावेत.

याचा अर्थ नागालँडला जाऊ नये असा मुळीच नाही. उलट तेथील सरकारने २००० साली 'हॉर्नबिल' महोत्सव सुरू केला तो लोकांनी यावे म्हणूनच. हॉर्नबिल म्हणजे धनेश पक्षी. कोहिमाजवळच्या किसामा या गावी दरवर्षी १ ते १० डिसेंबर हा महोत्सव भरतो. १ डिसेंबर हा नागालँड राज्याचा स्थापना दिवस. प्रत्येक जमातीचे आपले मोरुंग, म्हणजे तरुणांचे पारंपरिक सामूहिक घर, तेथे उभारलेले असते. दहातले जवळजवळ नऊ लोक ख्रिस्ती, बहुतेक बॅप्टिस्ट, त्यामुळे हे दिवस त्यांच्याही नाताळच्या तयारीचे. काही जाणकार म्हणतात, हा खरा सण नव्हे, पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा आहे. खरे सण ज्या त्या जमातीच्या गावात, पेरणी-कापणीच्या वेळी होतात. खरे आहे. पण मला यात कमीपणा दिसत नाही. आपणही पाहुण्यांना ओटीवर बसवतो, चांगल्या कपांत चहा देतो. ओटी खोटी नसते. आत कुठपर्यंत न्यायचे हे घरचा माणूस ठरवतो, एवढेच.

मात्र ओटीवर बसलेल्या पाहुण्यालाही आतला आवाज ऐकू येतो. ४ डिसेंबर २०२१ रोजी, महोत्सव चालू असताना, नागालँडच्याच मोन जिल्ह्यात ओटिंग गावाजवळ कोळशाच्या खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर सैन्याच्या तुकडीने चुकीच्या समजुतीने गोळ्या झाडल्या. सहा मजूर मेले. त्यानंतर उसळलेल्या संतापात आणखी माणसे मेली. काही जमातींनी महोत्सवातून अंग काढून घेतले आणि अखेर सरकारने उरलेले दिवस रद्द केले. तिकीट काढून, रजा टाकून, हजारो किलोमीटर आलेल्या माणसाच्या मनात त्या दिवशी पहिला विचार कोणता आला असेल? 'माझे पैसे वाया गेले', हा विचार येणे मनुष्यस्वभाव आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण मावशीच्या घरी आपण लग्नाला गेलो आणि त्याच रात्री तिच्याकडे कोणी वारले, तर जेवण बुडाले म्हणून आपण परत येत नाही. खाटेजवळ बसतो, पाणी भरतो, नाहीतर नुसते गप्प राहतो. दूरच्या माणसांबरोबर असे बसणे किती जणांना जमेल, सांगता येत नाही. निदान त्या मजुरांची आठवण करून एक दिवस तेथेच शांत राहणे, एवढे तरी जमण्यासारखे आहे.

इतके दूर जायचे नसेल तर आपल्याच पालघर जिल्ह्यात मोखाडा-जव्हारकडे उन्हाळ्यात बोहाडा असतो. वसईहून गाडीने गेले तर अर्ध्या दिवसाचाही रस्ता नाही, तरी आपल्यापैकी फार थोड्यांनी तो पाहिला आहे. रात्री संबळ वाजू लागतो आणि देवदेवतांचे मुखवटे लावलेली सोंगे एकामागून एक नाचत येतात. आपल्याला ती सोंगे वाटतात. गावकऱ्यांसाठी मुखवटा चढवलेला तो शेजारी त्या वेळी देव असतो, लोक त्याला हात जोडतात. "फादर, दुसऱ्या धर्माच्या अशा सणाला आम्ही जावे का?" हा प्रश्न अजूनही विचारला जातो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या जाहीरनाम्यात, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे स्पष्ट केले आहे. तेव्हा जावे. पण कसे जावे, हा प्रश्न मला त्याहून अवघड वाटतो. आपल्या वेदीसमोर कोणी फ्लॅश मारत फिरले तर आपल्याला जे वाटेल, ते त्यांनाही वाटते. केरळात आर्थुंकलच्या संत आंद्रेयाच्या बॅसिलिकात शबरीमलाहून परतणारे अनेक अय्यप्पाभक्त येतात आणि गळ्यातली व्रताची माळ तेथे उतरवतात. दुसऱ्यांच्या पवित्र जागी पाहुण्याने कसे जावे याचा इतका सुंदर नमुना मला दुसरा ठाऊक नाही.

याच भागातल्या वारली चित्रांची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. लग्नघराच्या भिंतीवर सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, मध्ये पालघट देवी, आणि धवलेरीने गाणी म्हणायची. त्याशिवाय लग्न नाही. आज त्याच धाटणीची चित्रे पिशव्यांवर आणि चहाच्या कपांवर आहेत. ही चोरी म्हणावी का? गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ती कला स्वतः कागदावर आणली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दार आतून उघडले गेले होते. त्यातून पुढे कपांपर्यंत जे गेले त्यातले किती विचारून गेले आणि किती पैसा वारली पाड्यांवर परतला, हे मात्र कप विकत घेताना विचारायला हरकत नाही. दुकानदाराला उत्तर देता येणार नाही, असा माझा अंदाज आहे.

मिझोरामला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. ऐझॉलमध्ये रविवार घालवू नका, सगळे बंद असते, असा सल्ला तुम्हांला मिळेल. मी उलट म्हणेन, रविवार तेथेच घालवा. दुकाने बंद, रस्ते मोकळे, आणि चर्चमधून गाणी ऐकू येतात. गाभ्याशी आलेला माणूस एवढ्यावर कंटाळणार नाही. आणि तेथून सेलिंगकडे जाणाऱ्या महामार्गावर बांबूच्या टपऱ्या दिसल्या की गाडी जरूर थांबवा. भाजी, फळे, आले, कधी सुके मासे मांडलेले असतात, दरांची पाटी असते, आणि विकणारा नसतो. तो शेतावर कामाला गेलेला असतो. हवे ते घ्यायचे आणि पैसे डब्यात टाकायचे. मोड हवी असेल तर शेजारी सुट्या पैशांचा दुसरा डबा असतो. त्यातून आपल्याच हाताने मोजून घ्यायची.